जोडीनं आत या

"जा तू एकटीच. मला काय धाड भरलीय?" वेल्डर बायकोला म्हणाला आणि दवाखान्याच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसला.

तिला दिवस गेले होते. पोट आता दिसू लागलं होतं. दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी बजावलं होतं, एचआयव्हीची चाचणी दोघांचीही हवी, जोडीनं या. आज ती निरोगी निघाली आणि उद्या नवऱ्याकडून तिला लागण झाली, तर बाळालाही धोका. तिनं विनवलं, अबोला धरला. तो आला खरा, पण बाकापर्यंतच.

तेवढ्यात पलीकडच्या बाकावर भडका उडाला.

"मी नाही टोचून घेणार!" एक दांडगा मिशीवाला ओरडत होता. "लोक काय म्हणतील?"

"लोक येणार आहेत का माझ्या बाळंतपणाला?" त्याची बायको टुणकन उभी राहिली. पोट हे एवढं! "एवढ्या मिशा वाढवल्यास त्या काय सुईला घाबरायला? पोटातलं दोघांचं, मग रक्त माझ्या एकटीचंच का? ऊठ!"

रांगेत खसखस पिकली. मिशीवाला वरमला. "बरं बाई, चल," म्हणत मुकाट्यानं तिच्यामागून आत गेला.

वेल्डरच्या बायकोला जोर चढला.

"ऐकलंस? मीही आता विनवणार नाही. यायचं तर चल. नाहीतर बस इथंच, भिंतीशी संसार करत!"

आता सगळा बाक वेल्डरकडे बघू लागला. तो उठला.

निकाल ताईंनी दोघांना समोरासमोर बसवून सांगितला. तिला लागण नव्हती. त्याला होती.

तो खुर्चीतच खचला.

"वेळेत आलात," ताई म्हणाल्या. "औषधं लगेच सुरू करू. सांगितलेलं नीट पाळलंत तर हीही सुखरूप राहील, बाळही."

"मान वर कर," बायको म्हणाली. तिनं पदरानं स्वतःचेच डोळे पुसले. "रडायला सवड नाही आपल्याला. एक गोळी चुकवलीस तर गाठ माझ्याशी आहे."

त्याच्यासाठी पाणी आणायला ती मागच्या व्हरांड्यात गेली. तिथं ती भांडखोर बाई पाठमोरी उभी होती. कपड्यांखालून तिनं एक उशी ओढून काढली आणि मिशीवाल्याच्या हातात कोंबली.

"उद्या जरा ताणून धर," ती म्हणाली. "आज फारच लवकर ऐकलंस."