मोजे घातलेल्या बाटल्या

"पोर्तुगाल," अध्यक्ष म्हणाले आणि डोळे मिटून त्यांनी आणखी एक घोट घेतला. "नदीकाठचा चढ. जुने वेल. शेवटी थोडी लवंग."

टेबलाभोवतीच्या आठही माना हलल्या. वाइन क्लबचा नियमच होता तसा. लेबल दिसू नये म्हणून बाटल्यांना लोकरी मोजे चढवायचे आणि आधी अध्यक्षांनी बोलायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दंतवैद्यांना तर लवंग लगेच सापडली.

आज वर्षातली मोठी बैठक होती. पाच देशांच्या पाच महागड्या बाटल्या, रविवारची दुपार, अध्यक्षांचा दिवाणखाना. ओतायचं काम त्यांच्या बायकोचं. मोजेही तिनेच चढवले होते. चौथी बाटली ओतताना एक थेंब पांढऱ्या कापडावर पडला. अध्यक्षांनी हसत हसत तिचं मनगट धरलं, टेबलाखाली नेलं आणि पिरगळलं. दोनदा मोडून जुळलेलं हाड होतं, बरोबर तिथेच. तिच्या कपाळावर घाम आला. समोर बसलेल्या डॉक्टरांनी तो पाहिला आणि ग्लासात नाक घातलं.

हाड त्यांनीच जुळवलं होतं. दोन्ही वेळा कागदावर लिहिलं होतं, 'पायऱ्यांवरून पडल्या.' बरगडीच्या वेळीही पायऱ्याच. या घराला पायऱ्या होत्या मोजून तीन. घरात आधी दार लागायचं, मग रेडिओ मोठा व्हायचा, मग पट्टा निघायचा. तिने एकदा डॉक्टरांना सगळं सांगून पाहिलं. "वहिनी, एवढा सभ्य माणूस हो. त्यांचा आवाज चढलेला आम्ही कधी ऐकला नाही," ते म्हणाले. मांजर निदान डोळे मिटून दूध पितं. डॉक्टर उघड्या डोळ्यांनी वाइन प्यायचे, आणि याचाच जास्त संताप येतो.

पाचवा ग्लास अर्जेंटिनाचा ठरला. टाळ्या झाल्या. आता मोजे काढायचे होते. तिने आधी चष्मा काढला, घडी घालून कपाटावर ठेवला. मागचा चष्मा तिच्या भुवईतच फुटला होता. दिवाणखान्याचं दार सताड उघडं होतं. तेही तिने एकदा पाहून घेतलं.

"पाचही बाटल्यांत एकच वाइन आहे," ती म्हणाली. "स्वयंपाकात घालते ना मी, खोक्यातली, ती. ह्यांच्या पाचही बाटल्या मी सकाळी सिंकमध्ये ओतल्या."

दंतवैद्य फिस्सकन हसले. मग त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं आणि हसू गिळलं.

अध्यक्ष उठले. दार लावायचं ते विसरले. पहिला फटका तोंडावर बसला, दुसरा कानावर. ती टेबलावर कोसळली तशी ग्लास फुटले. त्यांनी केस धरून तिचं डोकं लाकडावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. तोंडाने जे काही चाललं होतं ते या क्लबात आजवर कोणी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी मोजा घातलेली एक बाटली गळ्याशी धरून उचलली. दंतवैद्यांसह तिघे त्यांच्या हाताला लोंबकळले, तेव्हा कुठे बाटली खाली पडली. झटापटीत पडलेल्या खुर्च्याही कोणी उचलेना.

डॉक्टर बॅग घेऊन गुडघ्यांवर बसले. त्यांनी कापूस काढला.

"वहिनी, बोलू नका. रक्त थांबू द्या."

ती रडत नव्हती. ओठात रुतलेली काच तिने स्वतःच ओढून काढली. मग चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून, तिने आठही चेहरे एकेक करून पाहिले. सगळे तिच्याकडेच बघत होते.

"डॉक्टर," ती म्हणाली, "या वेळी पायऱ्या लिहू नका."