हेडमास्तरांची तोंडी परीक्षा

कर्नाटकातून आलेल्या मजुरांची मुलगी मल्लव्वा दारात उभी होती; तिचा प्रवेशाचा अर्ज हेडमास्तरांनी परत सरकवला. "कर्नाटकातला शाळा सोडल्याचा दाखला लागेल, गुरुजी. आपल्या राज्याचा नियम आहे."

वीटभट्टीवर मल्लव्वाला अक्षरं शिकवणारे म्हातारे गुरुजी हसले. हेडमास्तर त्यांचेच जुने विद्यार्थी. "हणमंता, उभा राहा पाहू. संसदेनं मुलांना दिलेला शिक्षणाचा हक्क राज्याच्या नियमानं कमी करता येतो?"

हेडमास्तर सवयीनं उठले, हाताची घडी घातली. "नाही, गुरुजी. राज्याला त्यात भर घालता येते."

"मग दाखल्याचं काय?"

"तो मागाहून मागवायचा. मूल आधी वर्गात बसवायचं." बोलता बोलता त्यांचे कान लाल झाले. त्यांनी अर्ज ओढून सही केली.

वर्गाकडे जाताना मल्लव्वानं हळूच विचारलं, "गुरुजी, सर पास झाले?"

"झाले गं. पण अजून कच्चे आहेत. तू लक्ष ठेव."