वाचलेलं पान

सासूबाईंचं फुलपाखरांवरचं पुस्तक सून घरीच कॉम्प्युटरवर मांडत होती. पानं ठरलेली होती, पण शेवटचा तक्ता काही केल्या जागेवर बसेना. सारखा पुढच्या पानावर उडी मारायचा आणि मागे अर्धं पान रिकामं राहायचं. सासूबाई सकाळपासून खनपटीला बसल्या होत्या, "एवढं एक पान वाचव गं."

अखेर सुनेला मेख सापडली. तक्त्याच्या वर भलतीच जागा सुटली होती. ती कमी करताच अख्खा तक्ता सर्रकन वर सरकला आणि नेमका बसला.

"आई, बसला! पान वाचलं." तिला खुर्चीत बसवेना. "आता तरी सांगा, काय छापायचंय त्यावर?"

"अर्पणपत्रिका," सासूबाई म्हणाल्या. "लिही. 'तुम्ही लिहा, मांडायचं मी बघते, असं म्हणणाऱ्या माझ्या सुनेला.'"