रोझाबाईंच्या मृत्यूचं साल

१९५८ साली पनवेलच्या सिनेगॉगच्या पत्त्यावर अमेरिकेहून एक पत्र आलं. महायुद्धाच्या बऱ्याच आधी तिकडे स्थायिक झालेला एक जर्मन ज्यू गृहस्थ घराण्याची वंशावळ लिहीत होता. जहाजांवरच्या प्रवाशांच्या जुन्या याद्या धुंडाळत तो पनवेलपर्यंत पोचला होता. आता बहिणीच्या, रोझाच्या, मृत्यूचं साल तेवढं हवं होतं.

नोंदवही सांभाळणारे हायम मास्तर पत्र घेऊन तडक रोझाबाईंच्या घरी गेले. त्या ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. मास्तरांनी पत्र वाचून दाखवलं आणि हर्षाने विचारलं, "तुम्ही सुखरूप आहात म्हणून कळवू ना?"

रोझाबाईंचे हात थांबले नाहीत.

"नको. एकोणीसशे अडतीस लिहा, मास्तर. त्या वर्षी मला जर्मनीतून सोडव म्हणून त्याला तीन पत्रं घातली होती. एकाचंही उत्तर आलं नाही."