हाना गेली त्या दिवशी

काळाचौकीच्या घरी अक्षदा दहा महिन्यांनी परतली. शाळेतर्फे ती जर्मनीला शिकायला गेली होती आणि तिच्या बदली तिकडची हाना इथे राहायला आली होती. हाना सकाळच्या विमानाने गेली; आईचे डोळे रडून सुजलेले होते. "बांगडे साफ करायला शिकली गो," आई सांगत होती, "माझ्याशी मालवणीत भांडायची." अक्षदाला आईने मासळीला कधी हात लावू दिला नव्हता, अभ्यास कर म्हणायची. तिला राग यायला हवा होता, पण काहीच वाटलं नाही. आईने ताट वाढलं. "तिखट चालेल ना तुला?" अक्षदाने मान डोलावली. "लाजू नकोस हां. लागेल ते मागून घे." ताटातलं सगळं संपवून, हात धुऊन अक्षदा म्हणाली, "थँक्यू. जेवण छान झालं होतं." "त्यात काय!" आई म्हणाली. मग तिने पाहुण्यांपुढे करतात तशी बडीशेपेची वाटी अक्षदापुढे केली.