सासूबाईंचं पक्षीनिरीक्षण

सरत्या थंडीत आम्ही सगळं कुटुंब टेमघरहून पडघ्याजवळच्या रानात पक्षी बघायला गेलो. सोबत वनखात्याचे गार्डसाहेब होते. ते पक्षी दाखवून नाव सांगायचे, आणि माझ्या सासूबाई लगेच मोठ्यांदा त्याची चव सांगायच्या.

"लावा? रश्श्याला एक नंबर. व्हला नुसता हाडांचा. तितर मात्र भाजूनच खावा."

नवरा त्यांना कोपरानं ढोसून ढोसून थकला. गार्डसाहेबांच्या कपाळावरच्या आठ्या काही कमी होईनात.

तेवढ्यात झुडपातून ऐटीत मोर बाहेर आला. गार्डसाहेब थांबले आणि हळूच म्हणाले, "आणि हा हो, आजी?"

 

हातावर गोंदलेला मोर पदराखाली झाकत सासूबाईंनी मलाच विचारलं, "कोन गो ह्यो? मी तं जल्मात पाह्यला न्हाय."