डॉक्टरांचा उंट

डॉक्टरांचा हात उंटावर थांबला आणि चष्मेवाला खुर्चीत पुढे सरकला. हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो, हा त्यांच्या बुद्धिबळ मंडळाचा नियम होता. उंट आता कुठे जातो, यावर त्याच्या बायकोचं सगळं ठरणार होतं. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं.

ती याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर पडून होती. सकाळी दुकानात फ्रेमा पुसता पुसता डोकं धरून खाली बसली आणि बोलताना तिची जीभ अडखळायला लागली. मेंदूतली एक शीर फुगली होती. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. "उद्या सकाळी मी ऑपरेशन करू शकतो. मोठ्या शहरात न्यायचं असेल तर आज संध्याकाळीच निघा. वाटेत काय होईल सांगता येत नाही, आणि इथे काय होईल तेही मी छातीठोकपणे सांगणार नाही. तुम्ही ठरवा." मेहुण्याने अँब्युलन्स खाली आणून उभी केली होती. तो केबिनच्या दाराबाहेर येरझाऱ्या घालत होता.

डॉक्टरांच्या हाताला यश आहे, असं सगळे म्हणायचे. पण सगळ्यांनी डॉक्टरांना पटावर पाहिलं नव्हतं. चष्मेवाला त्यांना दर रविवारी पाहत होता.

मंडळात जो तो कुठल्या तरी मोठ्या उस्तादाची नक्कल करायचा. खेळ बेताचा, पण ऐट जगज्जेत्याची. बेकरीवाल्याने तासन्‌तास विचार करणारा उस्ताद धरला होता. पहाटे भट्टीवर उठलेल्या त्या माणसाला विचार करता करता चक्क डुलकी लागायची. चष्मेवाल्याचा उस्ताद म्हणजे भिंत. पुढे जायचं नाही, काही सोडायचं नाही, समोरचा कंटाळेपर्यंत बसून राहायचं. त्याला सगळे कासव म्हणत. आणि डॉक्टरांचा उस्ताद आगलाव्या. उंट दे, घोडा दे, वजीरसुद्धा दे, पण राजावर तुटून पड. उस्तादाला ते साधायचं. डॉक्टर बहुतेक वेळा हरायचे आणि खुर्ची मागे सारून हसायचे, "मेलो तर मेलो, पण रंगत आली की नाही?"

चष्मेवाला हे घरी जाऊन बायकोला रंगवून सांगायचा. दोघं पोट धरून हसायची. आज दुपारी ती सलाईनच्या नळीकडे बघत अडखळत म्हणाली होती, "तेच का हो डॉक्टर? जे दर रविवारी हरतात?" ती थट्टा करत होती. त्याला मात्र हसू आलं नव्हतं.

म्हणून तो केबिनमध्ये आला आणि म्हणाला, "डॉक्टर, एक डाव खेळू. मग सांगतो."

"दाजी, ही काय खेळायची वेळ आहे?" मेहुणा दारातून म्हणाला.

रक्ताचा रिपोर्ट यायला अजून अर्धा तास होता. डॉक्टरांनी टेबलावरची प्लॅस्टिकची कवटी उचलून खिडकीत ठेवली आणि खणातून लहानसा पट काढला.

कासवाने आयुष्यात केलं नव्हतं ते आज केलं. स्वतःच्या राजासमोरचं प्यादं मुद्दाम पुढे ढकललं आणि दार सताड उघडं ठेवलं. उंट तिथे झोकून द्यायचा, की हल्ला सुरू. साधेल का, देव जाणे, पण दिसायला झकास. डॉक्टर अशा संधीवर जीव ओवाळून टाकत. त्यांनी उंट झोकला की उठायचं, वर जायचं, तिला खाली आणायचं आणि अँब्युलन्समध्ये घालायचं. वाटेत जे व्हायचं ते होवो.

आणि आता डॉक्टरांची बोटं उंटावर होती. ती हलत नव्हती. बेसिनचा नळ ठिबकत होता.

डॉक्टरांनी उंट उचलला आणि मागे नेला. आपल्या राजाच्या शेजारी, एका कोपऱ्यात ठेवून दिला.

"उंटाचा बळी दिसला नाही तुम्हाला?" चष्मेवाल्याने विचारलं.

"दिसला की."

"मग?"

"आज त्या उस्तादाची नक्कल नको." डॉक्टर हसायला गेले, पण हसू काही नीट आलं नाही. "आज तुमची करतोय."

त्यांनी टेबलाखाली हाताचे तळवे पँटला पुसले. एकदा पुसले, पुन्हा पुसले. चष्मेवाला बघत राहिला. दर रविवारी टेबलाखाली हे असंच तो स्वतः करायचा, आणि कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. भिंत, उस्ताद हे सगळं लोकांना सांगायला होतं. खरं एवढंच होतं, की त्याला हरायची धास्ती वाटायची. पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत.

डॉक्टरांना मंडळात कधी ती धास्ती वाटली नव्हती. तिथे हरलं तरी जाणार काय होतं?

चष्मेवाला उठला. दार उघडून तो मेहुण्याला म्हणाला, "अँब्युलन्स परत पाठव. उद्या इथेच करायचं."

मेहुणा येरझाऱ्या घालायचा थांबला. "म्हणजे डॉक्टरांनी खात्री दिली?"

"नाही," चष्मेवाला म्हणाला. "ते घाबरलेत."